तिसऱ्या पेडलचा गुन्हा काय?

नेहमीच्या वाचकांनो, दचकू नका. एरवी मी ओव्यांवर आणि ऱ्हस्व-दीर्घावर लिहिते आणि आज एकदम मोटारीच्या पायापाशी येऊन बसले आहे, याला कारण आहे. आमच्या घरात गेले दोन महिने एका पेडलवरून वाद चालू आहे. फोनवर झाला, पंगतीत झाला, व्हॉट्सअॅपवरच्या कुटुंबाच्या ग्रुपवर तर रोजच होतो. तिथे कोणी कोणाचे पूर्ण वाचत नाही, म्हणून माझे म्हणणे इथे एकदाच सविस्तर मांडते. ज्यांना पटणार नाही त्यांनी भांडायला इथेच यावे.

प्रकरण असे. माझ्या भाच्याकडे सोळा वर्षांची ऑटोमॅटिक गाडी आहे, सेकंड हँड घेतलेली. तो टॉवेलचे नमुने घेऊन लातूर, विजापूर, कलबुर्गी अशा गावांना जातो; गाडी म्हणजे त्याचे दुकानच. गेल्या वर्षी पंधरा वर्षे झाली म्हणून पुन्हा पासिंग करून घेतले, पर्यावरण कर भरला. आणि आता गिअरबॉक्सने मान टाकली. इंजिन जोरात ओरडते, गाडी मात्र जागची हलत नाही. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी सांगितले, आतले काही दुरुस्त होणार नाही, अख्खा गिअरबॉक्स बदलावा लागेल, तोही मागवल्यावर कधी येईल सांगता येत नाही. खर्चाचा आकडा आजच्या गाडीच्या किमतीच्या आसपास. वर सल्ला फुकट: "काढून टाका ही, नवीन घ्या."

मग आमच्या गल्लीतल्या गॅरेजच्या मिस्त्रींनी गाडी बघितली. ते म्हणाले, "बाई, ह्याच मॉडेलची गिअरवाली गाडी पण येत होती. भंगारातल्या तसल्या गाडीचा गिअरबॉक्स, क्लच, पेडल, सगळं मिळतं. बसवून देतो. इंजिन तर ठणठणीत आहे." म्हणजे ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल करायची आणि दोन पेडलांच्या जागी तीन करायची.

झाले! घरात दोन तट पडले. एक म्हणतो, "हे बेकायदा आहे." दुसरा म्हणतो, "हे धोक्याचे आहे." आणि दोघे मिळून म्हणतात, "हा जुगाड आहे, नको." माझे म्हणणे तिसरेच आहे. ही साधी सरळ दुरुस्ती आहे. ती नीट केली तर धोक्याची नाही, वाईट केली तर फार धोक्याची आहे. आणि नेमक्या याच कारणासाठी ती राजरोस, तपासणीसह करता आली पाहिजे. आज ती तशी करता येत नाही, ही खरी अडचण आहे. बाकी सगळे त्यातून निघालेले आहे.

आधी क्लच म्हणजे काय ते आपल्या सोलापुरी भाषेत सांगते. आपल्या पूर्व भागात ज्यांनी पट्ट्यावरचे जुने माग पाहिले असतील त्यांना आठवेल, माग थांबवायचा असला की चालू पट्टा शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवत. मोटर फिरत राहायची, माग थांबायचा. मोटारीतला क्लच तेच काम करतो. इंजिन फिरत ठेवून चाकांशी असलेला त्याचा संबंध घटकाभर तोडायचा, गिअर बदलायचा, मग हलकेच संबंध जोडायचा. हे काम मॅन्युअल गाडीत तुमचा डावा पाय करतो. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचे तेलाने भरलेले भांडे करते. म्हणून तिथे डाव्या पायाला सुट्टी. बजाजची चेतक चालवलेल्या पिढीला तर हे समजावायलाही नको, डाव्या मुठीत क्लच आणि त्याच मुठीला पिळा देऊन गिअर! १९८४ साली कायनेटिक होंडा आली तेव्हा "गिअर नाही म्हणजे ही कसली गाडी" म्हणणारे आमच्या शिक्षक खोलीत होते. आज त्यांच्याच घरी बिनगिअरच्या स्कूटर आहेत. म्हणजे वाद जुनाच आहे, फक्त दिशा उलटली.

आता पेडल बसवणे म्हणजे नेमके काय, हे मी मिस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसून समजून घेतले. (वही घेऊन. सवय जात नाही.) लोकांना वाटते, एक लोखंडी दांडी वाकवून पायाशी लावली की झाले. तसे नाही. पेडल हा फक्त दिसणारा भाग. ऑटोमॅटिक गाडीतले ब्रेकचे पेडल रुंद असते, कारण शेजारी कोणी नसते. तिथे क्लच घुसवला तर घाईत एकच पाय दोघांवर पडू शकतो. म्हणून ब्रेकचे पेडलही बदलून मॅन्युअल गाडीचे अरुंद पेडल घ्यावे लागते. म्हणजे ब्रेकला हात लागला. इथेच माणसाने सावध व्हायचे.

दुसरे, क्लचवर पाय दिवसातून शेकडो वेळा पडतो. ते पेडल ज्या पट्टीवर टांगलेले असते ती कंपनीने त्याच मॉडेलसाठी केलेली असली तर तो जोर नीट वाटला जातो. कोणी घरगुती पट्टी वेल्डिंग करून पत्र्याला चिकटवली, तर आज ना उद्या पत्रा वाकतो, चिरतो, आणि एक दिवस पाय दाबला तरी क्लच सुटत नाही. तिसरे, त्या पेडलपासून पुढे एकतर क्लचची केबल जाते, नाहीतर ब्रेक ऑइलवर चालणारा छोटा सिलिंडर आणि नळी. चौथे, इंजिनच्या मागची पातळ तबकडी काढून तिथे जड फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा सगळा संसार मांडावा लागतो. गिअरचा दांडा, त्याच्या केबली, गिअरबॉक्स धरून ठेवणारे माउंटिंग आणि काही गाड्यांत चाकांकडे जाणारे शाफ्टसुद्धा बदलतात. पेडलला थोडी मोकळी चाल ठेवावी लागते, नाहीतर क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि प्लेट जळते.

आणि पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ऑटोमॅटिक गाडी फक्त 'पी' किंवा 'एन'मध्येच सुरू होते. त्यासाठी गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. गिअरबॉक्स काढला की स्विच गेला आणि सेल्फ लागेनासा होतो. मग आळशी कारागीर काय करतो? त्या दोन वायरी एकमेकींना जोडून वर काळी टेप गुंडाळतो. गाडी सुरू! मालक खूष. पण आता ती गाडी गिअरमध्ये असतानाही सेल्फ घेते. अंगणात उभी आहे, पहिला गिअर टाकलेला आहे, खेळता खेळता नातवाने किल्ली फिरवली, की गाडी पुढे उडी मारणार. समोर भिंत असली तर भिंत, माणूस असला तर माणूस. यावर उपाय अगदी साधा आहे. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये असा स्विच पेडलपाशीच बसवायचा आणि त्या वायरी त्याला जोडायच्या. खर्च किरकोळ, काम तासा-दोन तासांचे. ते केले की नाही हे बाहेरून दिसत नाही. म्हणूनच कोणीतरी तिऱ्हाइताने तपासायला हवे.

अलीकडच्या एएमटी गाड्यांची गोष्ट आणखी गमतीची. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून हा प्रकार आपल्याकडे घरोघरी पोचला. त्या गाडीत क्लच प्लेट असते, गिअरबॉक्सही मॅन्युअलसारखाच असतो. फक्त तुमच्या पायाचे आणि हाताचे काम एक यंत्र करते. ते यंत्र वॉरंटी संपल्यावर बिघडले आणि बदलणे परवडेना, तर उरलेल्या गाडीला पुन्हा पेडल आणि दांडा लावणे हा विचार मालकाच्या मनात येणारच. त्या गाडीच्या कॉम्प्युटरला मात्र हा बदल रीतसर कळवावा लागतो. तो कळवला नाही तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, आणि आमचे काही शूर वीर त्या दिव्यावरच चिकटपट्टी लावतात.

आता "बेकायदा" म्हणणाऱ्यांकडे वळू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, हे त्याचे सार. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली (कलम १८२अ).

या कायद्यामागचा हेतू मला मान्य आहे. रात्री बारा वाजता कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावून जाणारी पोरे, डोळे दिपवणारे दिवे, बाहेर आलेली रुंद चाके यांना चाप बसलाच पाहिजे. पण तुमचे आरसी बुक काढून बघा. इंजिन नंबर, चासी नंबर, इंधन, रंग, आसने, वजन सगळे आहे. गिअरबॉक्सचा वेगळा रकाना नाही. ऑटोमॅटिक असल्याचा उल्लेख आलाच तर मॉडेलच्या नावात येतो. मग भाच्याने पेडल बसवले तर त्याने नोंदणीतला तपशील बदलला की नाही? जिथे विचारायचे तिथे तो विचारून आला. एका टेबलावर म्हणाले "यात आमचे काही नाही", दुसऱ्यावर "असे करता येत नाही", तिसऱ्यावर "यासाठी फॉर्मच नाही". विमावाल्यांनी सांगितले, "आधी परवानगीचा कागद आणा." फॉर्म नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून विमा नाही! आणि कर्कश सायलेन्सर आमच्या खिडकीखालून रोज जातात. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

बरे, कायद्याला पेडल बसवणे ठाऊकच नाही असेही नाही. मी गाडी शिकले ती चाळिशी उलटल्यावर, मारुती ८०० वर. शिकवणाऱ्या सरांच्या पायाशीसुद्धा क्लच आणि ब्रेक होते. पहिले आठ दिवस गाडी मी चालवते आहे असे मला वाटायचे. चालवत होते ते सर. ती जादा पेडले कारखान्यातून आलेली नव्हती, गॅरेजमध्ये बसवलेली होती. आणि ती बसवणे हा गुन्हा नव्हता, सक्ती होती! केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम २४ प्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असे दुहेरी नियंत्रण असावेच लागते. म्हणजे नवशिक्यांच्या गाडीत, भर बाजारातून फिरणाऱ्या, जादा क्लच चालतो, कारण त्यामागे नियम आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत फेरबदल करून ती तशी नोंदवण्याची सोय कायद्यात आहे. पेट्रोलच्या गाडीला सीएनजीचे किट बसवता येते. गॅसची टाकी डिकीत ठेवून आपण कुटुंबासह पंढरपूरला जातो, कारण किट मान्यताप्राप्त असते आणि नोंद होते. दाबाखालच्या गॅसवर विश्वास ठेवणारी यंत्रणा एका पेडलपाशी येऊन का अडखळते?

"धोका आहे" म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे. धोका आहेच, वर मीच सांगितला. पण वाट बंद केली म्हणून दुरुस्त्या थांबत नाहीत, त्या अंधारात होतात. अंधारात झालेले काम कोणी बघत नाही. गाडी विकताना लपवले जाते, विकत घेणाऱ्याला कळत नाही, आणि अपघात झाला की विम्याचा दावा नाकारायला आयते कारण मिळते. परीक्षा बंद केली म्हणून मुले हुशार होत नाहीत. कोण नापास आहे ते कळायचे बंद होते, एवढेच. पस्तीस वर्षे शाळेत काढल्यावर एवढे तरी मला कळते.

"नवी घ्या" म्हणणाऱ्यांवर तर माझा राग आहे. कोणाच्या पैशाने घ्यायची? ठणठणीत इंजिन, न गंजलेला सांगाडा, पाच वर्षांचे ताजे पासिंग, आणि एक भाग गेला म्हणून सगळे भंगारात? या गावात असे कोणी वागले असते तर आपले निम्मे कारखाने कधीच बंद पडले असते. झिजलेला भाग काढून, टर्नरकडून घासून, नवा बसवून माग चालवणारी माणसे आपली. त्यांना 'जुगाडू' म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी त्यांच्या हाताखाली एक दिवस काढावा. जुगाड आणि कारागिरी यांत फरक आहे. जुगाड म्हणजे दोन वायरी जोडून टेप गुंडाळणे. कारागिरी म्हणजे त्या वायरी का होत्या हे समजून घेऊन त्यांचे काम दुसऱ्या स्विचकडे सोपवणे.

आणि कंपन्यांचे काय? २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ठपका असा की सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना खुल्या बाजारात मिळत नाहीत. पुढे अपिले झाली ती झाली. २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारगाड्याही आहेत. चांगली गोष्ट. पण दुरुस्तीचा हक्क म्हणजे फक्त सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळण्याचा हक्क नव्हे. महागडा भाग न घेता, त्याच कंपनीने त्याच मॉडेलसाठी केलेला साधा भाग लावण्याचा हक्कही त्यात आला पाहिजे.

गैरसमज नको. ऑटोमॅटिक वाईट असे माझे मुळीच म्हणणे नाही. माझ्या वयाच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाने खुशाल ऑटोमॅटिक घ्यावी. निव्वळ हौस म्हणून चांगली चालणारी ऑटोमॅटिक फोडणाऱ्यांची वकिली मी करत नाही. आणि प्रत्येक गाडीत हा बदल करावा असेही नाही. ज्या मॉडेलची मॅन्युअल गाडी कंपनीने कधी काढलीच नाही, तिथे हात लावू नये.

माझी मागणी थोडकी आहे. २०१९च्या दुरुस्तीने अशा बदलांच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. तो वापरावा आणि एवढे चार नियम करावेत:

१. त्याच मॉडेलची मॅन्युअल गाडी कंपनीने विकलेली असली पाहिजे, आणि पेडलांचा संपूर्ण संच, ब्रेकसकट, त्याच गाडीचा असला पाहिजे. वेल्डिंगची दांडी चालणार नाही.

२. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागता कामा नये, आणि रिव्हर्सचा दिवा लागलाच पाहिजे.

३. काम करणाऱ्या गॅरेजने काय काढले, काय बसवले ते सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. भाग भंगारातला असला तर तो कोणत्या गाडीचा, तेही.

४. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला जशी गाडी बघतात तशी एकदा बघावी, आरसीवर 'मॅन्युअल' अशी नोंद करावी, आणि ती विमा कंपनीला बंधनकारक असावी.

यात सरकारचा खर्च नाही, कंपनीचे नुकसान नाही. चांगल्या मिस्त्रीला मान मिळेल आणि टेप गुंडाळणारा उघडा पडेल.

हे होईपर्यंत ज्यांच्या गाड्या आधीच बदललेल्या आहेत, त्यांना एक कळकळीची विनंती. आज संध्याकाळी मोकळ्या मैदानात गाडी न्या. समोर कोणी नाही ना बघा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, क्लच न दाबता किल्ली फिरवा. सेल्फ लागला तर तुमच्या गाडीत तो स्विच नाही. उद्याच्या उद्या बसवून घ्या. आणि घरातल्या सगळ्यांना सांगा, या गाडीत आता 'पी' नाही. उतरताना हँडब्रेक ओढलाच पाहिजे.

भाच्याची गाडी अजून गॅरेजच्या दारात, कडुनिंबाखाली उभी आहे. पेडलांचा संच मिस्त्रींनी शोधून, धुऊन, कागदात गुंडाळून ठेवला आहे. मीच त्याला थांबायला सांगितले आहे, कारण कागदाशिवाय बसवलेले पेडल पहिल्या अपघाताला त्याच्याच गळ्याशी येईल. तोवर नमुन्यांचे गठ्ठे घेऊन तो एसटीने जातो. परिवहन मंत्रालयाला पाठवायचे पत्र मी लिहून ठेवले आहे, मराठीत आणि भाच्याच्या मुलीच्या मदतीने इंग्रजीतही. ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवावे. ज्यांना भांडायचे असेल त्यांनीही कळवावे, पण आधी आपले आरसी बुक उघडून बघावे.